1991 च्या टोकियो जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेतील लांब उडीत कार्ल लुईसने बॉब बीमनच्या 8.90 मीटरच्या विश्वविक्रमापेक्षा जास्त अंतराची उडी मारली होती, तरी तो विक्रम का ठरला नाही आणि त्याला सुवर्णपदकही का मिळाले नाही?

आपल्या प्रश्नात दोन वेगळे नियम गुंतलेले आहेत. पाठीमागून वाहणाऱ्या वाऱ्याचा वेग सेकंदाला 2.0 मीटरपेक्षा अधिक असेल, तर ती उडी विक्रम म्हणून नोंदवता येत नाही. मात्र त्याच स्पर्धेतील क्रमांक ठरवताना ती पूर्णपणे ग्राह्य धरतात. 30 ऑगस्ट 1991 रोजी अंतिम फेरीत लुईसने चौथ्या प्रयत्नात 8.91 मीटर अंतर गाठले, तेव्हा वाऱ्याचा वेग 2.9 होता. त्यामुळे तो स्पर्धेत आघाडीवर राहिला, पण बीमनचा विक्रम कायम राहिला. बीमनलाही 1968 साली मेक्सिको सिटीत वाऱ्याने नेमकी 2.0 एवढीच, म्हणजे नियमाच्या अगदी काठावरची साथ दिली होती, शिवाय ते शहर समुद्रसपाटीपासून 2,200 मीटरहून अधिक उंचीवर असल्याने तेथील हवाही विरळ आहे.

सुवर्णपदक गेले ते मात्र वाऱ्यामुळे नव्हे, तर त्याचा प्रतिस्पर्धी माइक पॉवेल याच्यामुळे. त्याची पहिली उडी अवघी 7.85 मीटरची होती, पुढे 8.54 आणि 8.29 झाल्या आणि चौथा प्रयत्न फाऊल ठरला. पाचव्या प्रयत्नात मात्र जवळजवळ शांत हवेत, वाऱ्याचा वेग केवळ 0.3 असताना, त्याने 8.95 मीटर अंतर पार केले, आणि जवळपास तेवीस वर्षे टिकलेला बीमनचा विक्रम मोडला. तो विक्रम आजही पॉवेलच्याच नावावर आहे.

लुईसजवळ अजून दोन प्रयत्न शिल्लक होते. त्यांत त्याने 8.87 आणि 8.84 मीटर उड्या मारल्या, यांपैकी 8.87 ची उडी तर किंचित उलट्या वाऱ्यात मारलेली असून, वाऱ्याच्या नियमात बसणारी ती त्याची आयुष्यातील सर्वोत्तम उडी ठरली. दुसरा प्रयत्न फाऊल गेला हे सोडल्यास त्याच्या त्या दिवशीच्या पाचही वैध उड्यांची सरासरी 8.82 मीटरच्या वर जाते. पाच दिवसांपूर्वी याच स्पर्धेत त्याने 100 मीटर धावण्यात 9.86 सेकंदांचा विश्वविक्रम केला होता आणि लांब उडीत तो दहा वर्षे, सलग 65 स्पर्धा अजिंक्य होता. इतकी सकस मालिका अन्य कोणत्याही अंतिम फेरीत पाहायला मिळालेली नाही, असे माझे मत आहे. तरीही पॉवेलचे सुवर्ण रास्तच होते, कारण लांब उडीत सातत्याला गुण नसतात, प्रत्येकाची केवळ सर्वोत्तम उडी मोजली जाते.

दुसऱ्या सर्वोत्तम उडीचा विचार फक्त बरोबरी झाल्यास होतो. टोकियोतच 2021 साली झालेल्या ऑलिंपिकमध्ये ग्रीसचा मिल्तियादिस तेंतोग्लू आणि क्यूबाचा हुआन मिगेल एचेवारिया या दोघांचीही सर्वोत्तम उडी 8.41 मीटर होती, तेव्हा 8.15 विरुद्ध 8.09 अशा पुढच्या उडीवर तेंतोग्लूला सुवर्ण मिळाले. हाच निकष 1991 मध्ये लागू करण्याची वेळ आली असती, तर पॉवेलची दुसरी सर्वोत्तम उडी 8.54 मीटरची असल्याने लुईस सहज जिंकला असता. पण त्यासाठी त्याला आणखी चार सेंटिमीटर हवे होते.