दार किती वेळ उघडं ठेवायचं?

"मॅडम, इथला डाग गेला, तो परत आलाच नाही." तिने डाव्या जबड्याखाली बोट ठेवून दाखवलं. व्हायोलिन वाजवणाऱ्यांच्या मानेवर तिथे एक लालसर-तपकिरी वण पडतो. रोज तासन्‌तास वाद्य टेकून राहिलं की तिथली कातडी जाड होते, रंग बदलते. काही जण तो घालवायला त्वचेच्या डॉक्टरांकडे जातात. ही मुलगी मात्र तो गेला म्हणून समुपदेशनाला येऊन माझ्यासमोर रडत होती.

संगीताच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. मनगटाच्या दुखण्यामुळे एक सेमिस्टर घरी काढून परत आलेली, आणि परत आली ती वसतिगृहाची रेसिडेंट असिस्टंट म्हणून. सगळे 'आरए' म्हणतात. वरच्या वर्षातल्या विद्यार्थ्याकडे एका मजल्याची जबाबदारी असते, बदल्यात त्याची राहण्याची सोय होते. नव्या मुलांना रुळायला मदत करायची, खोलीतली भांडणं मिटवायची, रात्री शांततेची वेळ पाळली जाते का ते बघायचं, आपली पाळी असेल त्या रात्री ड्यूटीचा फोन उशाशी ठेवायचा. (तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

"दुसऱ्यांचं बघता बघता माझं मागे पडतंय, आणि स्वतःचं बघायला गेले की अपराधी वाटतं," हे तिचं म्हणणं. हे वाक्य मी आरएंकडून तर ऐकतेच, पण वर्गप्रतिनिधींकडून आणि आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या मुलांकडूनही ऐकते. म्हणून हा अनुभव लिहिते आहे.

पहिल्या भेटीत माझी चूक झाली. मी तिला वेळापत्रक आखायला लावलं. कागदावर सगळं नीट बसलं, सरावाला रोज तीन तास निघाले. पुढच्या आठवड्यात ती आली तेव्हा त्यातला एकही दिवस पाळला गेला नव्हता, आणि आता त्याचीही शरम तिच्या डोक्यावर होती.

मग मी तिला एका संध्याकाळचं वर्णन करायला सांगितलं. दार अर्धं उघडं, खाली पाचर लावलेली. व्हायोलिनवर जाड रबरी म्यूट, कारण मजल्यावर शांतता राखायला लावणारी तीच. स्टँडवर नोटेशनच्या पुढे फोन. कान कॉरिडॉरमध्ये. चार ओळी वाजवायच्या, पावलं वाजली की बो (गज) खाली. सरावासाठी वेगळी खोली दहा मिनिटांवर होती, पण तिथे गेलं तर मजला सुटतो. तो म्यूट आवाज गिळून टाकतो, त्यामुळे काहीतरी ऐकू यावं म्हणून बो जास्त दाबला जातो आणि हाताला चुकीचं वजन शिकवलं जातं. तिच्या शिक्षकांनी तिला सांगितलं होतं, "तुझा आवाज लहान झालाय." ते वाक्य ती रोज झोपताना आठवत होती.

"ड्यूटी किती दिवसांनी येते?"

"सहा दिवसांतून एकदा."

"आणि उरलेल्या पाच रात्री फोन कुठे असतो?"

ती गप्प बसली. फोन उशाखालीच असायचा. मी तिला जहाजावरच्या इंजिनिअरांवरचा १९८८चा एक अभ्यास सांगितला. रात्री अलार्म वाजू शकतो, एवढं माहीत असलं तरी त्यांची झोप बिघडायची, अलार्म वाजण्याच्या आधीपासूनच. वाट बघणं हेसुद्धा काम आहे आणि शरीर ते करत राहतं. मग तिच्या कामाची दुसरी गोष्ट सांगितली. २००२ साली वॉकर आणि स्टिकगोल्ड या झोपेच्या संशोधकांच्या गटाने लोकांना बोटांचा एक क्रम शिकवला. रात्रभर झोपून उठल्यावर, मध्ये अजिबात सराव न करता, त्यांचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला होता. जागेपणी तेवढेच तास गेले तर असा फायदा दिसला नाही. हे ऐकून ती पहिल्यांदा सरळ बसली. आराम कर, असं तिला घरच्यांनी शंभरदा सांगितलं असेल, पण झोपेत बोटं शिकतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तरी दाराचं कोडं उरलंच. ते दार तिला बंद का करवत नव्हतं?

याच मजल्यावर ती पहिल्या वर्षाला राहिली होती. परीक्षेत वादन मधेच तुटलं, त्या रात्री ती जिन्याच्या पायरीवर बसून होती. समोर तेव्हाच्या आरएचं दार. "दाराखालून उजेड दिसत होता, मॅडम. आत कुणीतरी जागं होतं. मला ठोठवायचा धीर झाला नाही."

माझं वेळापत्रक का फसलं ते मला तिथे कळलं. ती जिन्यावरच्या त्या मुलीसाठी दार उघडं ठेवत होती. मी विचारलं, "त्या रात्री त्या मुलीला काय मिळालं असतं तर ती उठली असती?" तिने बराच वेळ घेतला. मग म्हणाली, "आत्ता ठोठावलं तर चालेल, एवढं कळलं असतं तरी."

त्यातून तिची चिठ्ठी तयार झाली. शब्द तिचेच: 'आठ ते साडेनऊ मी इथे आहे, बिनधास्त या. त्यानंतर सराव. तातडीचं असेल तर ड्यूटीचा नंबर खाली.' दुसरी गोष्टही तिनेच सुचवली. आठवड्यातून एकदा ती स्वतः जाऊन दारं ठोठावणार, विशेषतः ज्यांचा कधी आवाज येत नाही त्यांची. जिन्यावर बसणारी मुलं उघड्या दाराशीही येत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

हे सगळं ठरत असताना, निघता निघता ती बोलून गेली की एक मुलगी तीन आठवडे रोज रात्री तिच्याकडे येते, "जगावंसं वाटत नाही" म्हणते, आणि कुणाला सांगणार नाहीस असं वचन तिने घेतलंय. मी तिला परत बसवलं.

हा भाग प्रत्येक आरएने वाचावा. असं वचन द्यायचं नसतं, आणि हे ऐकण्याआधीच सांगायचं असतं: "तू मला सांग. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी ते एकटीजवळ ठेवून घेणार नाही, तुझ्यासोबत राहून मदत बोलावीन." आत्महत्येचा विचार येतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट अनेकांना विषय निघाला म्हणून सुटल्यासारखं होतं. धोका आत्ताचा वाटला तर त्या व्यक्तीला एकटं सोडायचं नाही, ड्यूटीवरच्या वरिष्ठांना किंवा आपत्कालीन सेवेला लगेच फोन करायचा. आरए म्हणजे उपचार करणारी नव्हे. मदतीपर्यंत हात धरून नेणं, हे तिचं काम.

आम्ही तिथूनच वसतिगृहाच्या प्रमुखांना फोन केला. तिचा हात थरथरत होता. "मी तिचा विश्वासघात केला," ती म्हणाली. त्या मुलीने पुढे दहा दिवस तिच्याशी अबोला धरला. तिला मदत मिळाली, एवढंच मी इथे सांगू शकते. पण ते दहा दिवस माझ्याकडे येणाऱ्या या आरएला फार जड गेले आणि त्यात मी तिची समजूत काढली नाही. बरोबर केलेल्या गोष्टीचंही दुखतं, ते दुखू दिलं.

आणखी एक अडचण तिच्या कानाची होती. संगीत शिकणाऱ्याचा कान चूक पकडायला तयार झालेला असतो. कुणी रडत सांगू लागलं की ती दुसऱ्याच वाक्याला उपाय सुचवायची. त्यावर आमच्या दोन भेटी गेल्या. "मास्टरक्लास नाही हा," म्हणजे चुका दुरुस्त करायचा वर्ग नाही, असं ती स्वतःला बजावते म्हणाली.

सेमिस्टर संपताना ती भेटायला आली. चिठ्ठी असूनही दोनदा मध्यरात्री दार वाजलं होतं, एकदा किल्ली हरवल्यामुळे. मनगट अजून जपावं लागतं, पाऊण तासाने थांबते. रात्री साडेनऊनंतर ती सरावाच्या खोलीत जाते आणि म्यूट केसमध्येच राहतो. शिक्षक आवाजाबद्दल अजून काही म्हणाले नाहीत. जाताना तिने मानेवरचे केस बाजूला केले. डाव्या जबड्याखाली फिकट लालसर काहीतरी दिसत होतं.

"थोडं झोंबतंय," ती म्हणाली, आणि हसत दाराबाहेर पडली.