बायपोलर आहे म्हणून इंजिनीअरिंग सोडायचं का?

प्रश्न : मुलगा २१ वर्षांचा, मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या वर्षी बायपोलरचं (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी येणारा मानसिक आजार) निदान झालं, महिनाभर ॲडमिट होता, वर्ष वाया गेलं. आता लिथियमच्या गोळ्यांवर बरा आहे, कॉलेजला जायचं म्हणतो. नातेवाईक म्हणतात, ‘डोक्याला ताण नको, दुकानावर बसवा.’ कॉलेजात आणि पुढे नोकरीत काय सांगायचं? — एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, डॉक्टरांची हरकत नसेल तर त्याला कॉलेजला पाठवा. ‘ताण नको’ हे लोक काळजीपोटी म्हणतात, पण मुलाला त्यातून ‘तुझ्याच्यानं आता काही होणार नाही’ एवढंच ऐकू येतं. घरच्यांनी मारलेला हा शिक्का गावाच्या टोमण्यांपेक्षा खोल जातो.

या आजारात अभ्यासापेक्षा जागरणाचं भय जास्त. रात्री अकरा ते सकाळी साडेसहा ही झोप सबमिशनच्या आठवड्यातही मोडायची नाही. राहिलेले सगळे विषय एकाच सत्रात काढायचा हट्ट नको, कारण मग जर्नलं रात्री दोनपर्यंत लिहिली जातात. किती तास झोपलो ते त्यानं रोज कॅलेंडरवर स्वतः लिहावं. सलग दोन रात्री चारच तास झोप, तरी थकवा नाही, बोलण्याला वेग, हात सैल सोडून खर्च, असं दिसलं की पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. ‘किती उत्साहानं अभ्यास करतोय!’ म्हणून घरचे खूश होतात आणि नेमके तेच दिवस हातातून जातात.

लिथियमचं गणित पाण्या-मिठाशी बांधलेलं आहे. वर्कशॉपात भट्टीजवळ घाम गाळला, जुलाब झाले किंवा निर्जळी उपवास धरला, की रक्तातली पातळी चढते. म्हणून पाण्याची बाटली जवळ हवी आणि मीठ एकदम तोडायचं नाही. अंगदुखीवर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनानं घ्यायचं नाही, त्यानंही पातळी वाढते. ती साधारण ०.६ ते १.० mEq/L च्या दरम्यान ठेवतात. तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं, नाहीतर आकडा फसवा येतो. ड्रॉइंग काढताना हाताला बारीक कंप जाणवेल. त्यासाठी गोळी बंद करू नये, डॉक्टरांना सांगावं. मात्र कंप वाढला, जीभ जड झाली, तोल जाऊ लागला, उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कॉलेजात सगळ्यांना सांगायची गरज नाही. एक विश्वासू प्राध्यापक आणि प्राचार्य पुरेत. डॉक्टरांच्या पत्रात निदानापेक्षा गरज लिहून घ्या: ‘उपचार सुरू, महिन्यातून एक दिवस तपासणी, हजेरीत सवलत द्यावी.’ दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व समज आणि काम या चार बाबी तपासतात, आजार किती काळ आहे तेही धरतात. दिव्यांगत्वाचे ४० टक्के भरले तर सरकारी नोकरीतलं आरक्षण मिळू शकतं. आजार आटोक्यात असलेल्यांचे तेवढे भरतीलच असं नाही. प्रमाणपत्र घ्यायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर सोडा, घाई काही नाही.

मुलाखतीत वर्ष का गेलं विचारलं तर दोन वाक्यं तयार ठेवावीत: ‘आजारपणामुळे वर्ष गेलं. उपचार झाले, आता नियमित आहे.’ एवढं सांगून मागच्या सत्रातल्या प्रोजेक्टवर यावं. पण रुजू होतानाच्या वैद्यकीय फॉर्मवर थेट प्रश्न असेल तर खोटं लिहू नये. पुढे उघड झालं तर नोकरी आजारामुळे नाही, खोट्या माहितीमुळे जाते. फिरत्या शिफ्टचं प्रॉडक्शन टाळून डिझाइन, क्वालिटी, खरेदी विभाग अशी दिवसाची कामं बघावीत. सैन्यदल, मर्चंट नेव्ही, वैमानिक या वाटांचे वैद्यकीय निकष कडक आहेत, तिथं उमेद आणि पैसा घालवू नका.

नातेवाइकांना ‘तब्येत बरी आहे, कॉलेजला जातोय’ इतकंच सांगा. तुम्हाला स्वतःला कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. आणि कुणाला किती सांगायचं हे शेवटी त्यालाच ठरवू द्या. हे उत्तरही आधी त्याच्या हातात द्या.