नऊ शेअरवाल्या माणसानं मस्कचं ५६ अब्ज डॉलरचं पॅकेज कोर्टात अडवलं, हे खरं का?

अडवलं होतं, पण टिकलं नाही. शेअर किती, याला महत्त्व नव्हतं. मस्कच्या टेस्ला या मोटार कंपनीनं 2018 मध्ये त्याला दिलेलं मोबदल्याचं पॅकेज ठरवणारे संचालक मस्कच्याच गोतावळ्यातले आणि भागधारकांना सगळं नीट सांगितलं नव्हतं, म्हणून जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या न्यायालयानं ते रद्द केलं. आमच्या कोल्हापूरकडं साखर कारखान्याच्या सभेत अहवालाचं पान उलटायच्या आत पुढच्या रांगेतनं ‘मंजूर, मंजूर’ सुरू होतंय. मागचा ‘नामंजूर’ म्हणेपर्यंत माईक बंद. जातकुळी तीच की, आकडा तेवढा मोठा!

डिसेंबर 2025 मध्ये डेलावेअरच्याच सर्वोच्च न्यायालयानं निकाल फिरवला. सहा वर्षं काम करून घेऊन मोबदला शून्य, हे बरोबर नाही म्हणे. त्या नऊ शेअरवाल्याला नुकसानभरपाई? नाममात्र एक डॉलर.