लातूरच्या उन्हात घरी बनवलेल्या एरोपोनिक बकेटीत गुलाब-जास्वंदाच्या काड्यांना मुळं फुटतात का?

फुटतात की. तुम्ही लिहिलंय की कुंडीत लावलेल्या गुलाबाच्या काड्या आठ दिवसांत काळ्या पडायल्यात, म्हणून पाण्याचा फवारा मारून हवेतच मुळं फोडायचा डबा घरी करता येईल का, अन् लातूरला पाणी आणि लाईनचं काय. डबा करणं एका दुपारचं काम आहे, त्यात काही अवघड नाही. मी अंबाजोगाईकडचा, ही माझी तिसरी बकेट, आधीच्या दोन वाया गेल्या त्या का गेल्या ते सांगतो, तुमचे तेवढे पैसे वाचतील.

बनवायचं असं. डिस्टेंपरची २० लिटरची रिकामी बकेट घ्या, धुऊन बाहेरून काळा रंग मारा (पांढऱ्या बकेटीतून उजेड आत जातो अन् शेवाळ धरतं), झाकणाला गरम सळईनं रुपयाएवढी आठ-दहा भोकं पाडा. तळाला ७-८ लिटर पाणी, त्यात कूलरचा १८ वॅटचा पंप, पंपाला पाइपचा तुकडा आणि वर ठिबकच्या दुकानात मिळतात ते दोन-तीन मायक्रो स्प्रिंकलर. काडी भोकात धरायला बाहेरचे लोक रबरी कॉलर वापरतात, मी एसी मेकॅनिककडून कॉपर पाइपवरचा काळा फोम मागून आणला, त्याचे इंचभर तुकडे करून एका बाजूनं चिरले की झालं. मला सगळं मिळून साडेसातशेच्या आसपास पडलं, पंप जुनाच होता. पाण्याची काळजी करू नका, झाकण बंद असतं त्यामुळं तेच पाणी फिरत राहतं, आठवड्याला बदलायचं तेवढंच, अन् काढलेलं झाडांना घालायचं.

पहिली बकेट मी एप्रिलच्या शेवटी सुरू केली, अंगणात शेडनेटखाली, पंप चोवीस तास चालू. सहाव्या दिवशी झाकण उचललं तर नालीसारखा वास, काडी हातात धरली तर खालची साल मोजा निघावा तशी निघून आली. पाण्यात हात घातला तर चक्क कोमट. बाहेर ४२ डिग्री, त्यात बुडालेला पंप स्वतःची गरमी पाण्यालाच देतो, अन् पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २५ डिग्रीला लिटरमागं ८ मिलिग्रॅमच्या वर असतो तो ३५ ला ७ च्या आसपास येतो आणि सड करणाऱ्या बुरशीचं मात्र फावतं. एरोपोनिकची सगळी गंमतच मुळी ही आहे की कापलेल्या टोकाला ओल पण मिळते अन् हवा पण, त्यातली हवाच गेली तर उरतं काय, काडी डबक्यात ठेवल्यासारखीच.

उपाय आपल्या घरातच आहे, माठाचा. बकेटीभोवती गोणपाट गुंडाळा, ते सतत ओलं ठेवा, घरात वारा लागेल अशा सावलीत ठेवा. आपल्याकडची हवा उन्हाळ्यात कोरडी असते म्हणून हे चालतं, कोकणात नाही चालणार. दुसरं म्हणजे पंपाला टायमर, साधा चोवीस तासांचा पिनवाला मिळतो त्यात १५ मिनिटांच्या पिना असतात, १५ चालू ३० बंद असं लावा. पण खरं सांगू का, मे महिन्यात करूच नका. ऑक्टोबरची गरमी ओसरली की फेब्रुवारीपर्यंत करा, अर्ध्या भानगडी आपोआप मिटतात.

दुसऱ्या बकेटीला मी लई शहाणपणा केला. लाईन जाते म्हणून फवारणीच्या जुन्या बॅटरी पंपातली १२ व्होल्टची मोटर आणि बॅटरी काढून जोडली, फवारा पण धुक्यासारखा बारीक यायला लागला, मी खूश. दहा-बारा दिवसांनी जास्वंदाची नवी पानं आली ती बोटांसारखी चिरलेली अन् पिळलेली, काड्यांचं खालचं टोक सुजून गाठ झालेली, मूळ एक नाही. आमच्या चुलत्यांनी नुसतं पाहिलं अन् म्हणाले, "अरे, ह्या पंपानं उसात २,४-डी मारलं होतं की." २,४-डी म्हणजे तण मारायचं औषध. कापूसवाल्यांना हे लगेच कळेल, शेजारच्या रानातून त्याचा वारा जरी आला तरी कापसाची पानं भेंडीसारखी होतात, आणि जास्वंद त्याच कुळातली. मजा म्हणजे मुळं फुटायला आपण जे आयबीए लावतो ते आणि हे तणनाशक एकाच घराण्यातले, दोघंही ऑक्झिन, म्हणजे झाडाची वाढ ठरवणारं संप्रेरक, एक थोड्या प्रमाणात मुळं काढतं अन् दुसरं झाडाला वेडंवाकडं वाढवून मारतं. नळीत राहिलेलं साध्या पाण्यानं जात नाही. तेव्हा बॅटरी पंपाची आयडिया चांगली आहे पण मोटर, नळ्या सगळं नवीन घ्या, शेतातलं नको. घरी इन्व्हर्टर असेल तर कूलरचा पंपच त्यावर टाका, १८ वॅटनं काही होत नाही. आणि तास-दीड तास लाईन गेली म्हणून घाबरू नका, झाकण न उघडता तसंच राहू द्या, आत दमट असतं.

काडी पेन्सिलीएवढी जाड, वीतभर, चार-पाच डोळ्यांची, सकाळी कापायची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, दोन डोळे झाकणाच्या आत जातील असं, वर दोनच पानं ठेवा, ती पण मोठी असली तर अर्धी कापा. आयबीए पाण्यात विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून मग पाणी घालायचं, लिटरला १ ग्रॅम म्हणजे १००० पीपीएम, त्यात टोक पाच-दहा सेकंद बुडवा. एवढं नको असेल तर कृषी केंद्रात तयार पावडर मिळते. बोअरचं पाणी वापरू नका, क्षारानं स्प्रिंकलर बुजतात, जारचं नाहीतर पावसाचं घ्या. बुजलेच तर लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवायचे. खत सुरुवातीला काहीच नाही, मुळं दिसली की १९:१९:१९ चिमूटभर.

टोमॅटोच्या फुटव्याला आठवड्यात मुळं येतात, तुळशीला थोडं जास्त, जास्वंदाला तीन आठवडे, गुलाबाला महिना धरा. आधी कापावर साबुदाण्यासारखे पांढरे दाणे येतात, ती मुळं नाहीत, गाठ आहे, घाईनं काढू नका. अन् कुणी केशर आंब्याची काडी लावून बघतो म्हणालं तर हात जोडा, त्याला कलमच बांधावं लागतं.

मुळं दोन-तीन बोटं झाली की लगेच काढा, लांब होऊ दिली तर गुंततात अन् लावताना तुटतात. काढल्यावर थेट काळ्या मातीत घालू नका, ती चिकट, पाणी धरून बसते, हवेत वाढलेली मुळं तिच्यात दोन दिवसांत गुदमरतात. कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं-निम्मं, वरून प्लास्टिकची पिशवी, आठ दिवस सावलीत, रोज पिशवी थोडी थोडी उघडी करत जायची. माझे गुलाब बकेटीत जगून ह्याच आठ दिवसांत जास्त मेलेत.