वाचकांचे प्रश्न: जुनी कूपे घेतली, आता पुढे काय?

या वेळी ठाणे-नवी मुंबईकडून आलेल्या पत्रांत दोन दरवाजांच्या गाड्यांचीच गर्दी आहे, म्हणून ती सगळी एकत्रच घेतोय. प्रश्न थोडे छाटलेत, भाषा ज्याची त्याची.

प्रश्न: नमस्कार सर, मी नेरुळला राहतो. सेकंडहँड ऑडी टीटी घेतलीय, २०११ ची, २.० टीएफएसआय (टर्बो पेट्रोल) क्वाट्रो (चारही चाकांना ताकद), ऐंशी हजाराच्या आसपास चाललेली. गाडी मस्त आहे पण आता मला स्टेज टू करायचंय, म्हणजे रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं), कॅट (धूर साफ करणारा कन्व्हर्टर) काढून डाउनपाइप (टर्बोमागचा एक्झॉस्ट पाइप), इनटेक, शिवाय १९ इंची व्हील आणि गाडी खाली बसवायला लोअरिंग स्प्रिंग. बजेट पाच लाख. मित्र म्हणतात आधी रीमॅप मार, एका दिवसात फरक कळतो, बाकीचं हळूहळू. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर: अभिनंदन, गाडी छान निवडलीत, पण मित्रांचा क्रम बरोबर उलटा आहे. रीमॅप सगळ्यात शेवटी. का ते सांगतो.

तुमच्या इंजिनात कंपनीतूनच २११ पीएस आणि ३५० न्यूटन मीटर टॉर्क येतो. आणि त्याच्या मागे जो सहा गिअरचा ओल्या क्लचचा एस ट्रॉनिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे ना, डीक्यू२५०, तो बनवलाच मुळात साधारण ३५० न्यूटन मीटर धरून. म्हणजे काठावर गाडी आधीच उभी आहे. साधा स्टेज वन, म्हणजे नुसता रीमॅपसुद्धा टॉर्क ४०० च्या पुढे नेतो, आणि लोक तसं चालवतात, चालतंही, पण ज्यांचं चालतं त्यांच्या गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर वेळेवर बदललेलं असतं आणि गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरचंही ट्यूनिंग केलेलं असतं. हे ऑइल बदलण्याचा इंटरव्हल ६०,००० किमी आहे. तुमच्या आधीच्या मालकाने ते केलं का? बिल दाखवा म्हणावं. बिल नसेल तर झालेलं नाही असंच धरा, आणि हॅल्डेक्सचंही तसंच, म्हणजे मागच्या चाकांना ताकद देणारा क्लच, क्वाट्रोतला मागचा भाग त्याच्यावर चालतो आणि त्याच्या ऑइलकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, मग एक दिवस मागची चाकं नुसती पाहुण्यासारखी सोबत येतात.

आता इंजिन. हे चेनवालं इंजिन आहे, बेल्टवालं नाही, आणि या पिढीतला चेन टेन्शनरचा जुना नमुना बदनाम आहे. सकाळी थंड स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते का बघा. येत असेल तर गाडी तिथेच बंद करा, चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा, कारण चेन उडाली तर व्हॉल्व्ह वाकतात आणि तुमचे पाच लाख तिथेच संपतात. आवाज नसला तरी टायमिंग कव्हरला खालच्या बाजूला एक प्लग असतो, तो काढून टेन्शनर जुना आहे की सुधारित ते बघता येतं, चांगला मेकॅनिक हे तुमच्यासमोर करून दाखवेल. दुसरं म्हणजे ऑइल पिणं. या इंजिनांत पिस्टन रिंगचा तो त्रास होता. ऑइल भरून मोजा, हजार किमीला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त जात असेल तर त्या इंजिनावर बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, वाढवणं म्हणजे पैसे जाळणंच.

तिसरं, कार्बन. डायरेक्ट इंजेक्शन आहे, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हची पाठ पेट्रोलने कधी धुतलीच जात नाही आणि ऑइलच्या वाफेचा काळा थर चढत जातो. ऐंशी हजाराला तो असणारच. मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलांच्या चुऱ्याने तो उडवतात, वॉलनट ब्लास्टिंग म्हणतात त्याला, आणि ते झाल्यावर गाडी इतकी मोकळी होते की निम्म्या लोकांना मग रीमॅप हवाच वाटत नाही. हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये.

व्हील. १८ वर २४५/४० टायर येतो, म्हणजे रबराची भिंत ९८ मिमी. १९ वर २५५/३५ गेलात की ती होते ८९. नऊ मिमी म्हणजे काही नाही असं वाटतं, पण पावसाळ्यात सायन-पनवेल हायवेवर तुर्भ्याच्या उड्डाणपुलाखाली रात्री एक खड्डा लागू द्या, मग त्या नऊ मिमीची किंमत कळते, रिम वाकून हातात येते. त्यात लोअरिंग स्प्रिंग! नेरुळमधल्या सोसायट्यांचे स्पीडब्रेकर तुम्हाला माहीत आहेत, मी काय सांगू. १८ वरच राहा आणि पैसे टायरच्या दर्जावर घाला. आत्ता जे आहेत त्यांच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ३४१७ असेल तर २०१७ चा चौतिसावा आठवडा, म्हणजे नक्षी कितीही दिसू दे, रबर दगड झालंय. स्प्रिंगऐवजी कंट्रोल आर्मचे बुश आणि शॉक बदला. फक्त आधी गाडीत मॅग्नेटिक राइड आहे का ते बघा, त्या शॉकमध्ये लोखंडाच्या कणांचं द्रव असतं, महाग प्रकरण आहे, आणि साधे शॉक लावले तर डॅशवर एरर येते, ती कोडिंग करून घालवावी लागते. ब्रेकला नवं डॉट ४ फ्लुइड, चांगले पॅड, बस.

एवढं सगळं झाल्यावर जे उरेल त्यात इंटरकूलर, म्हणजे टर्बोची हवा थंड करणारा रेडिएटर, घ्या. ऐरोली-ठाणे ट्रॅफिकमध्ये एप्रिल-मेच्या दुपारी टर्बोची हवा इतकी तापते की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्वतःच स्पार्कचं टायमिंग मागे ओढतो, तिथे मॅप कितीही भारी असो, घोडे गायब. मग मॅप, आणि तोही तयार फाइल टाकून नाही, तर तुम्ही नेहमी जे पेट्रोल भरता त्यावर गाडी चालवून नॉकचे (सिलिंडरमध्ये इंधन अवेळी पेटण्याचे) लॉग बघत केलेला. आता आपल्याकडे पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे, इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे तेवढ्याच कामाला इंधन जास्त लागतं आणि मॅप करणाऱ्याला हे माहीत असायला हवं. परदेशी फाइल डोळे झाकून मारणाऱ्यापासून लांब राहा.

डाउनपाइपला माझं सरळ नाही. कॅट काढला की पीयूसी गडबडते. बीएस४ गाडीला वाढवलेल्या आरपीएमवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.२ टक्के आणि लॅम्बडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) ०.९७ ते १.०३ च्या आत लागतो. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ए मध्ये परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं लिहिलंय. आवाज-धुराचं कलम १९० वेगळं, तिथे दंड १०,००० पर्यंत जातो. आणि अटल सेतूवरही लिमिट १०० च आहे, तेव्हा २६० घोडे दाखवणार कुणाला?

एक राहिलंच. तुमची गाडी इम्पोर्टेड, २०११ ची, म्हणजे २०२६ ला पंधरा वर्षं भरतात. एप्रिल २०२२ पासून इम्पोर्टेड कारच्या आरसी रिन्यूअलची फी ४०,००० रुपये आहे, वर पर्यावरण कर आणि फिटनेसची तपासणी. वाशी आरटीओत गाडी उभी करायची असेल तेव्हा ती कंपनीसारखी दिसलेली बरी. ते पैसे बजेटमधून आत्ताच बाजूला काढा.

प्रश्न: दादा, माझ्या बाबांची सॅन स्टॉर्म आहे, लाल, नौपाड्यातल्या जुन्या घराच्या आवारात ताडपत्रीखाली उभी असते. चालू होते पण दम नाही. वागळे इस्टेटमधला एक गॅरेजवाला म्हणतो स्विफ्टचं इंजिन बसवून देतो, रॉकेट होईल. बाबा नको म्हणतात. मी काय करू?
— एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर: ताई, बाबांचं ऐका!

सॅन स्टॉर्म रस्त्यावर किती दिसतात? फायबरची बॉडी, दोन सीट, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, ६० च्या आसपास हॉर्सपॉवर. आकड्यात काहीच नाही, पण भारतात बनलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार म्हणून तिला जी किंमत आहे ती ओरिजनल असण्याला आहे, स्विफ्टचं इंजिन घातलेल्या स्टॉर्मला ती राहत नाही. आणि कायद्यानेही ते बसत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्टच सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध गाडी बदलता येणार नाही. खराब इंजिन बदलायचं तर त्याच मेकचं, त्याच प्रकारचं, आणि आरटीओची परवानगी आधी. आरसीवर इंजिन नंबर वेगळा निघाला की विमा कंपनी पण हात वर करते.

दम का नाही ते शोधा आधी. कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, अर्ध्या तासाचं काम. इतकी वर्षं उभी असलेल्या गाडीत बहुतेक वेळा टाकीत गंज, पेट्रोल फिल्टर चोंदलेला, इंजेक्टर घाण, कॉइलच्या वायरी मेलेल्या, एवढंच निघतं. टायमिंग बेल्ट किलोमीटर न बघता वयावरून बदला, आणि इंधनाचे सगळे रबरी पाइप इथेनॉल चालणारे घ्या, जुनं रबर ई२० मध्ये फुगतं नाहीतर तडकतं. त्यात इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर सोडू नका. याच कुळातलं इंजिन युरोपात ट्विंगो आणि क्लिओत होतं, त्यामुळे पार्ट नंबर शोधले तर बाहेरून मागवता येतात, वेळ लागतो फक्त.

बॉडी फायबरची म्हणून निर्धास्त राहू नका, ती गंजत नाही पण तिच्या खालचं लोखंड गंजतं, आणि ठाण्यात खाडीची हवा आहे. लिफ्टवर चढवून स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. रंग काढायचा असेल तर पत्र्याच्या गाड्यांचा पेंटर नको, पेंट काढायचं केमिकल फायबरचं रेझिन खातं, आणि केसासारख्या भेगांवर नुसती पुट्टी मारली तर सहा महिन्यांत त्या परत वर येतात. फायबरच्या बोटी दुरुस्त करणारे लोक हे काम गॅरेजवाल्यांपेक्षा चांगलं करतात, तिकडे विचारा.

अपग्रेड करायचाच हात शिवशिवत असेल तर नवे टायर, नवं ब्रेक फ्लुइड, ब्रेकचे नवे होज, चांगला हॉर्न. आणि ताडपत्री काढा हो, तिच्याखाली ओल कोंडते, हवा खेळणारं कव्हर घ्या.

प्रश्न: दिल्लीची २००९ ची टीटी मिळतेय, इथल्यापेक्षा खूपच स्वस्त. आणून इथे पासिंग करून मग मॉडिफाय करावी असा विचार आहे. फायद्यात पडेल ना?
— एक वाचक, खारघर

उत्तर: स्वस्त आहे कारण दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीचे हाल आहेत, आणि ते आता तुमचे होणार. एनओसी, पनवेल आरटीओत नवीन नोंदणी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स परत भरा, इम्पोर्टेडचा दर वेगळा आणि चढा, वर पंधरा वर्षांची फी. हे सगळं कागदावर मांडून मग आकडा बघा, बहुतेक वेळा स्वस्ताई तिथेच संपते.

तरी घ्यायचीच असेल तर बॉडी बघा. टीटीचा पुढचा बराचसा भाग ॲल्युमिनियमचा आणि मागचा स्टीलचा आहे, वजनाचा तोल साधायला तसं केलंय. ॲल्युमिनियम ठोकून-वेल्डिंग मारून सरळ होत नाही, ते रिव्हेट आणि गोंदाने जोडतात. बॉनेट उघडून आत वेल्डिंगचे ओबडधोबड डाग दिसले तर नमस्कार करून परत या. २००९ च्या २.० मध्ये जुनं २०० पीएसवालं, टायमिंग बेल्टचं इंजिन असेल तर त्याच्या हाय प्रेशर पेट्रोल पंपाखाली कॅम फॉलोअर नावाची एक छोटी वाटी असते, ती घासून भोक पडलं की कॅमशाफ्ट आणि पंप दोन्ही जातात. पार्ट स्वस्त, काढायला सोपा. मालकाला म्हणा माझ्यासमोर काढून दाखव. नाही म्हणाला तर उत्तर मिळालं.

प्रश्न: जुन्या कूपेच्या हॅलोजन हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब टाकू का? घोडबंदरला रात्री काही दिसत नाही.
— एक वाचक, कासारवडवली

उत्तर: नको. रिफ्लेक्टर हॅलोजनच्या फिलामेंटच्या जागेनुसार बनवलेला असतो, एलईडीचा प्रकाश तिथून भलतीकडे फेकला जातो, तुम्हाला उजेड वाटतो आणि समोरचा आंधळा होतो. काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्या, ग्राउंडिंग आणि रिले तपासा, बल्बला पूर्ण व्होल्टेज पोहोचतंय का मीटर लावून बघा. जुन्या गाडीत वायरिंगमध्येच एखाद-दीड व्होल्ट हरवलेला असतो, तेवढ्यानेही उजेड बराच कमी होतो.