पीएच.डी.च्या मुलाखतीत समिती काय पाहते?

प्रश्न : मी गडहिंग्लज तालुक्यातील एका गावची असून शिवाजी विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. पूर्ण केले आहे. उसाच्या शेतातील मातीतून स्फुरद (फॉस्फरस) विरघळविणारे जिवाणू वेगळे करणे हा माझ्या प्रकल्पाचा विषय होता. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत मी जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) न मिळता फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरले आणि आता पुण्यातील एका संस्थेचे मुलाखतीचे पत्र आले आहे. याआधीच्या एका मुलाखतीत काही प्रश्नांची उत्तरे येईनात, म्हणून मी गप्प बसले आणि निवड झाली नाही. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले असून इंग्रजी बोलताना अडखळते. सध्या सगळा अभ्यासक्रम पुन्हा वाचत आहे, पण तो आवाक्यात येत नाही. वडिलांना मी बी.एड. करावे असे वाटते. मी तयारी कशी करावी?

उत्तर : सगळा अभ्यासक्रम पुन्हा वाचण्याचे काम आजच थांबवा, असे मी तुम्हाला मनापासून सांगतो. तुमचे विषयज्ञान नेटच्या परीक्षेने तपासले आहे; तुमच्यासारख्या फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरलेल्या उमेदवारांच्या प्रवेशात त्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के महत्त्व असते. पाठांतराची तीच परीक्षा समितीला पुन्हा घ्यायची नसते. पुढची चार-पाच वर्षे ज्या विद्यार्थिनीला प्रयोगशाळेत जागा, साहित्य आणि आपला वेळ द्यायचा, ती अडलेल्या ठिकाणी कसा विचार करते, हे त्यांना समोरासमोर पाहायचे असते. त्यामुळे उत्तर येणार नाही अशा टोकापर्यंत ते प्रश्न मुद्दाम नेतात. मागच्या वेळी उत्तरे न येणे ही मोठी अडचण नव्हती; तुम्ही गप्प राहिल्यामुळे तुमचा विचार त्यांना दिसलाच नाही, हे नुकसान झाले.

बहुतेक मुलाखतींची सुरुवात एम.एस्सी.च्या प्रकल्पापासून होते आणि चांगली समिती बराच वेळ तिथेच थांबते. तुमचाच विषय घेऊ. तुम्ही पिकोव्हस्काया या न विरघळणारे फॉस्फेट घातलेल्या माध्यमावर जिवाणू वाढविले असतील आणि वसाहतीभोवती पारदर्शक वलय दिसले की तो जिवाणू स्फुरद विरघळवितो, असे नोंदविले असेल. पहिला प्रश्न येईल की वलय का पडते. जिवाणू ग्लुकॉनिकसारखी सेंद्रिय आम्ले सोडतात, सामू (पीएच) उतरतो आणि माध्यमातील ट्रायकॅल्शियम फॉस्फेट विरघळते, हे तुम्ही सांगाल. पुढचा प्रश्न असा असू शकतो : मग जिवाणूंशिवाय नुसते आम्ल टाकूनही वलय पडेल, तुमच्या प्रयोगात तुलनेसाठी काय ठेवले होते? त्यानंतरचा प्रश्न अधिक खोल जाईल. शिरोळ-हातकणंगलेच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत स्फुरद बहुधा कॅल्शियमशी बांधलेले असते, तर आजरा, चंदगड, राधानगरीकडच्या तांबड्या आम्लधर्मी जमिनीत ते लोह आणि ॲल्युमिनियमशी बांधलेले असते. मग ट्रायकॅल्शियम फॉस्फेटवर निवडलेला जिवाणू तांबड्या जमिनीत उपयोगी पडेल, असे कशावरून म्हणता?

याचे तयार उत्तर तुमच्याकडे नसेल, तर तसे एका वाक्यात स्पष्ट सांगा आणि पुढे बोलत राहा. ‘मी हे तपासलेले नाही, परंतु तपासायचे झाल्यास माध्यमात लोह किंवा ॲल्युमिनियमचे फॉस्फेट घालून त्याच जिवाणूंची तुलना करीन, विरघळलेले स्फुरद मोजीन आणि मग दोन्ही प्रकारच्या मातीत कुंड्यांमध्ये ऊस लावून पाहीन,’ एवढे बोलता आले तर समितीला हवे होते ते मिळाले. बारीकसा धागा हाती लागला तरी तो बोलून दाखवा. समितीतले कोणी त्यावर सूचना केली, तर ती लक्षपूर्वक ऐका आणि आपला विचार तिथल्या तिथे सुधारा. अशी सुधारणा करणारा उमेदवार मार्गदर्शकांना आवडतो. मात्र माहीत नसलेली गोष्ट ठासून सांगू नका, कारण पुढच्या दोन प्रश्नांत ते उघडे पडते आणि तुमच्या खऱ्या कामावरचाही विश्वास उडतो.

म्हणून तयारीचा मुख्य भाग म्हणजे स्वतःचा प्रबंध परक्याच्या नजरेने वाचणे. मातीचे नमुने किती आणि कुठून घेतले, प्रत्येक चाचणी किती वेळा केली, कोणता निष्कर्ष कच्चा आहे आणि आज पुन्हा करायचे झाल्यास काय बदलाल, याची उत्तरे लिहून काढा. त्यानंतर त्या संस्थेतील ज्या दोन-तीन मार्गदर्शकांकडे काम करावेसे वाटते, त्यांचा प्रत्येकी एखादा अलीकडचा शोधनिबंध नीट समजून घ्या. ‘आमच्याकडेच का यायचे आहे?’ या प्रश्नाला संस्थेच्या नावलौकिकाचे उत्तर पुरत नाही.

इंग्रजीविषयी एवढेच सांगतो की व्याकरण चुकले म्हणून चांगला उमेदवार सहसा नाकारला जात नाही. प्रश्न न समजताच उत्तर देणे मात्र महागात पडते. प्रश्न पुन्हा विचारण्याची विनंती करा, क्षणभर थांबा, फळा असेल तर आकृती काढून सांगा. प्रकल्पाची पाच मिनिटांची मांडणी इंग्रजीतून मैत्रिणींसमोर अनेकदा करा आणि त्यांना मध्येच अडवायला सांगा.

मुलाखतीच्या शेवटी तुम्हाला काही विचारायचे आहे का, असे विचारले जाते. तेव्हा नकारार्थी मान हलवू नका, कारण निवड तुम्हीही करीत आहात. तुम्हाला जेआरएफ नसल्याने शिष्यवृत्तीची सोय काय, हे स्पष्ट विचारा. त्या मार्गदर्शकांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली, ते विद्यार्थ्यांशी कामाची चर्चा किती वेळा करतात, हे तेथील विद्यार्थ्यांकडून जेवणाच्या सुट्टीत समजून घ्या.

वडिलांची काळजी मी रास्त समजतो आणि तिला आकड्यांनीच उत्तर द्यावे. जेआरएफ मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर एसआरएफ (वरिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) म्हणून ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. त्यामुळे नेट पुन्हा देण्याचा मार्ग खुला ठेवा. तोपर्यंत राज्य शासनाच्या सारथी, बार्टी किंवा महाज्योती यांपैकी जी संस्था तुमच्या प्रवर्गासाठी असेल, तिच्या संशोधन अधिछात्रवृत्तीच्या अटी पाहा आणि संस्थेतील एखाद्या प्रकल्पात सहायकाची जागा आहे का, तेही विचारा. हा हिशेब कागदावर मांडून वडिलांशी मुलाखतीला जाण्यापूर्वीच बोला, म्हणजे पुण्यात समितीपुढे बसताना घरचा प्रश्न डोक्यात घोळत राहणार नाही.