'हंगामी बाई' की 'बदली बाई'?

ऐरोलीचे एक वाचक सोसायटीच्या गणेशोत्सवासाठी विनोदी नाटुकलं लिहीत आहेत. घरची नेहमीची बाई गावाला जाते आणि महिनाभर दुसरीच कोणी कामाला येते, अशी गोष्ट. या दुसरीला 'तात्पुरती बाई' म्हणावं, 'हंगामी बाई' की 'बदली बाई', असं त्यांनी विचारलंय. बदली तर सरकारी नोकरीत होते ना, ही त्यांची शंका.

बेलाशक 'बदली बाई' म्हणा. 'हंगामी' हा गळीत हंगामातल्या साखर कारखान्याचा आणि विधानसभेच्या हंगामी अध्यक्षांचा शब्द. ओट्याजवळ तो परका वाटतो. 'तात्पुरती'त चूक काही नाही, पण त्यातून फक्त मुदत कळते. 'बदली' म्हटलं की हे काम मुळात दुसऱ्या कोणाचं तरी आहे, हेही कळतं. तुमच्या नाटुकल्याचा सगळा पेच तिथेच तर आहे.

शब्दाचं मूळ अरबी 'बदल'. मुंबई-ठाण्यात तो इतका रुजला तो गिरण्यांमुळे, असं माझं मत आहे. माझे वडील परळच्या एका गिरणीत सुरुवातीला बदली होते. पहाटे डबा घेऊन गेटावर उभं राहायचं. कोणाचा खाडा असला तर आत, नाहीतर डबा भरलेलाच घरी परत. इंग्रजीत लिहिलेल्या 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यालाही या माणसासाठी दुसरा शब्द सापडला नाही. हजेरीपटावर नाव असलेल्या कामगाराच्या जागी काम करणारा तो 'बदली कामगार', अशी व्याख्या त्यात होती. आणि सलग वर्षभर काम झालं की त्याला बदली मानायचं नाही, असंही पुढे म्हटलं होतं. नाटुकल्याच्या शेवटासाठी हे कलम जरूर डोक्यात ठेवा.

गेल्या मे महिन्यात आमच्या कळव्याच्या घरी बेल वाजली. दारातली बाई चप्पल काढता काढता म्हणाली, "ताई, मी बदलीवर आलेय. हे काम माझ्या जावेचं." या दोन वाक्यांत तुम्हाला हवं ते सगळं आहे. 'काम' म्हणजे इथे एक घर. "माझी पाच कामं आहेत" म्हणजे पाच घरं. त्या घरावर हक्क जावेचा, हे तिने उंबऱ्यातच सांगून टाकलं. जाऊ निघताना म्हणाली होती, "खाडा नाही करणार, बदली देऊन जाते." म्हणजे 'बदली' हे नाम त्या माणसालाच लागू होतं आणि ती 'देता' येते.

तुमच्या शंकेबद्दल. नोकरीतली 'बदली' स्त्रीलिंगी नाम आहे, ती होते. 'बदली बाई'तलं 'बदली' विशेषण आहे आणि ते कधी बदलत नाही : बदली बाई, बदली खेळाडू, बदली चालक. घोटाळा 'बाई'मुळे होऊ शकतो. "बाईंची बदली झाली" म्हटलं की शाळेतल्या बाई डोळ्यांपुढे येतात. अनुस्वार काढून "बाईची बदली आली" म्हटलं की भांडी घासणारी. एका टिंबात आपण कोणाला मान देतो आणि कोणाला नाही, हे उघडं पडतं आणि मला ते फार खुपतं. तुमच्या पात्रांपैकी निदान एकाला, घरातल्या लहान मुलीला म्हणा, या बदली बाईला 'मावशी' आणि 'तुम्ही' म्हणू द्या.